परदेशी मालक आणि घरचा कामगार

नोकरी म्हणजे ठरावीक वेळी घराबाहेर पडून मालकाच्या जागेत हजर होणे, ही समजूत आता बरीचशी जुनी झाली आहे. २०२० च्या महासाथीनंतर तर पुण्यातील वा नाशिकमधील आपल्या घरी बसून अमेरिकेतील अथवा ब्रिटनमधील कंपनीचे काम करणारा सुशिक्षित तरुण हे दृश्य कोणाला नवलाचे वाटत नाही. कोणी संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो, कोणी हिशेब तपासतो, कोणी ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे देतो. महिनाअखेर डॉलरचे रुपये होऊन बँकेच्या खात्यात जमा होतात आणि शेजारीपाजारी त्याच्या भाग्याचा हेवा करतात. पण दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसाच हा प्रकार आहे. यांपैकी अनेकांच्या हाती नेमणूकपत्र नसते. असते ते करारपत्र, आणि त्यात त्यांचा उल्लेख ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असा केलेला असतो. या दोन शब्दांची किंमत किती, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही.

तो मांडून पाहण्यासारखा आहे. दरमहा ५०,००० रुपये मूळ वेतन असलेला नोकरदार उदाहरणादाखल घ्यावा. भविष्य निर्वाह निधीत मालकाची वर्गणी १२ टक्के. ती संपूर्ण मूळ वेतनावर भरली गेली, तर महिन्याला ६,००० आणि वर्षाला ७२,००० रुपये होतात. विशिष्ट मर्यादेपलीकडच्या वेतनावर वर्गणीची सक्ती नाही हे खरे. तरी अनेक आस्थापना ती भरतात. उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, दर वर्षाच्या सेवेमागे १५ दिवसांच्या वेतनाइतके मिळते. महिना २६ दिवसांचा धरण्याच्या नियमाने ही रक्कम सुमारे २८,८४६ रुपये भरते. दोन्ही मिळून वर्षाला लाखाहून अधिक, आणि पाच वर्षांत, व्याज सोडूनही, पाच लाखांहून अधिक रुपये होतात. कंत्राटदार म्हणवणाऱ्यास यातील काहीही मिळत नाही. २०१७ पासून २६ आठवड्यांची झालेली सवेतन प्रसूती रजा त्या घरी काम करणाऱ्या स्त्रीला नाही. काम थांबल्याची सूचना एका ओळीच्या पत्राने येऊ शकते. आणि तक्रार करायची तर करारातील कलमानुसार न्यायालय बहुधा सातासमुद्रापलीकडचे असते.

कराचा भारही त्याने एकट्यानेच सांभाळायचा. नोकरदाराच्या वेतनातून मालक आयकर कापून सरकारजमा करतो. कंत्राटदाराने जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च अशा चार हप्त्यांत आगाऊ कर स्वत: भरावयाचा, चुकला तर व्याज सोसावयाचे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या कायद्याखालील व्यवसाय कर त्याने स्वतंत्र नोंदणी करून भरावयाचा. वार्षिक उलाढाल २० लाखांपलीकडे गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी आली. सेवेची निर्यात म्हणून कर प्रत्यक्षात पडला नाही, तरी विवरणपत्रे चुकत नाहीत. गृहकर्जासाठी बँकेत गेल्यावर वेतनचिठ्ठी मागितली जाते, ती त्याच्याकडे नसते.

तरीही सगळा दोष परदेशी मालकाच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. दहापाच माणसांच्या एखाद्या लहान कंपनीला भारतात दोनच माणसे हवी असतात. त्यांना रीतसर वेतन द्यायचे म्हटले, तर करकपातीसाठी नोंदणी, भविष्य निर्वाह निधीचा विचार, प्रत्येक राज्याच्या व्यवसाय कराचे निराळे नियम, आणि हे सारे पाहण्यासाठी बहुधा येथे स्वतंत्र कंपनी स्थापण्याचा खटाटोप तिच्यापुढे उभा राहतो. त्याहून मोठी भीती निराळीच असते. भारतातील माणसामुळे कंपनीची येथे ‘स्थायी आस्थापना’ आहे असे कर खात्याने ठरवले, तर त्या आस्थापनेच्या वाट्याच्या नफ्यावर येथे कर द्यावा लागतो. परकीय कंपन्यांसाठी त्याचा मूळ दर २०२४ च्या अर्थसंकल्पात ४० टक्क्यांवरून ३५ वर आणला गेला, पण लहान कंपनीला धास्ती वाटण्यास तोही पुरेसा आहे. कायदा पाळणे दुर्घट आणि टाळणे सोपे असले, म्हणजे सज्जन माणूसही टाळण्याकडे वळतो.

या अडचणीतून मध्यस्थांचा एक नवा धंदा उभा राहिला आहे. भारतात नोंदलेली मध्यस्थ कंपनी कागदोपत्री मालक होते, नेमणूकपत्र देते, कर कापते, वर्गणी भरते आणि या सेवेबद्दल परदेशी कंपनीकडून मोबदला घेते. कामगाराला किमान काही हक्क मिळतात, म्हणून ही व्यवस्था कंत्राटापेक्षा निश्चित बरी. पण जो काम देतो तो मालक नव्हे आणि जो मालक तो काम देत नाही, असा तिढा तिने निर्माण केला आहे. शिवाय मध्यस्थाचा मोबदला अखेर त्या माणसावरील एकूण खर्चातच धरला जातो, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

मूळ प्रश्न असा की, हा माणूस खरोखर स्वतंत्र आहे काय? याचे उत्तर आपल्याकडे जुनेच आहे. सोलापूर-सिन्नरकडच्या स्त्रिया पिढ्यान् पिढ्या घरी बसून विड्या वळत आल्या. पाने व तंबाखू कारखानदाराची, जागा व वेळ त्यांची. त्या आमच्या नोकर नव्हेत, असा कारखानदारांचा युक्तिवाद होता. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले, १९७७ साली भविष्य निर्वाह निधीचा कायदा विडी उद्योगास लागू झाला, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात घरी विड्या वळणारेही त्या निधीचे हक्कदार असल्याचा निर्वाळा दिला. तयार विडी नापसंत करण्याचा मालकाचा अधिकार हेसुद्धा परिणामकारक नियंत्रण होय, असे न्यायालयाने म्हटले. आता तुलना करावी. संगणकावर काम करणाऱ्याचे कामाचे तास मालक ठरवतो, दररोज सभा घेतो, रजेला परवानगी देतो, काम नापसंत करतो. बहुधा दुसऱ्या कोणाचे काम करण्यास मनाईही करतो. विडी वळणाऱ्या निरक्षर बाईवर होते त्याहून हे नियंत्रण कितीतरी अधिक आहे. तरीही ती कामगार आणि हा कंत्राटदार! करारावरील नावाने वस्तुस्थिती बदलत नाही, हे तत्त्व विडीला लागू होते तर संगणकाला का नसावे?

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, भविष्य निर्वाह निधीचे बंधन २० वा अधिक कामगारांच्या आस्थापनेवर आहे. दोन माणसांच्या मालकावर ते कसे लादणार? आक्षेप रास्त आहे. पण त्याहून लहान आस्थापनेला स्वेच्छेने सामील होण्याची वाट कायद्याने आधीच मोकळी ठेवली आहे. दुसरा आक्षेप असा की, चांगली प्राप्ती असलेल्या तरुणाला कायद्याचे संरक्षण कशाला? ठरावीक व्यवसायांना निम्मी प्राप्तीच करपात्र धरण्याची सवलत आहे, तिच्या मोहाने काहीजण कंत्राट आपणहून पसंत करतात. पण पंचविसाव्या वर्षीची कराची बचत साठाव्या वर्षी औषधपाण्याला पुरत नाही. ज्याला खरोखर अनेक ग्राहकांचा स्वतंत्र व्यवसाय करायचा आहे, त्याला कोणी अडवू नये. एकाच मालकाच्या हुकमतीखाली असलेल्याची गोष्ट निराळी.

अन्य देशांनी मार्ग शोधले आहेत. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमावलीनुसार, ज्या देशाचा सामाजिक सुरक्षेचा कायदा लागू आहे त्या देशात कार्यालय नसलेल्या मालकालाही तेथील वर्गणी भरावी लागते. आणि परस्पर संमतीने मालकाच्या वतीने ती कामगारालाही भरता येते. भारतानेही परदेशी मालकासाठी एकच सुटसुटीत नोंदणी आणि एकच चलन ठेवावे, त्यातून आयकर, व्यवसाय कर व निधीची वर्गणी भरता यावी, आणि केवळ या नोंदणीमुळे स्थायी आस्थापना मानली जाणार नाही अशी नि:संदिग्ध हमी द्यावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रमसंहिता अमलात आल्या. वाहने हाकणाऱ्या आणि घरपोच वस्तू पोचवणाऱ्या कामगारांची त्यांनी प्रथमच दखल घेतली, हे स्वागतार्हच. सीमेपलीकडील मालकाच्या कामगाराकडे मात्र अद्याप तितक्याच स्पष्टपणे पाहिले गेलेले नाही.

सरकारला परकीय चलन हवे असते आणि कुटुंबाला चढे उत्पन्न, म्हणून आज या व्यवस्थेविषयी कोणी कुरकुर करीत नाही. पण आजच्या कंत्राटदारांची ही पिढी म्हातारपणी निवृत्तिवेतनाविना उभी राहील, तेव्हा तिचा भार परदेशी कंपनी उचलणार नाही. तो तिच्या मुलांना आणि येथल्या सरकारी तिजोरीलाच उचलावा लागेल.