पोथीवर चिठ्ठी कशाला?

विद्यापीठात धर्मग्रंथ शिकवायचा असेल तर ‘या मजकुराने तुम्हाला त्रास होऊ शकतो’ अशी सूचना आधी द्यावी, ही कल्पना परदेशातून आली असे आपण समजतो. महाराष्ट्राला ती मुळीच परकी नाही. इथे खुद्द सरकारने अशी चिठ्ठी एका ग्रंथाला चिकटवली. ती कोणासाठी चिकटवली हे पाहिले, की या वादातला बराचसा धुरळा खाली बसतो.

१९८७ साली महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला. संपादक वसंत मून. बाबासाहेबांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हे लेखन त्यात प्रथमच छापून आले, आणि त्याच्या परिशिष्टात राम आणि कृष्ण यांच्या चरित्रांची परखड चिकित्सा होती. तिच्यावरून राज्य पेटले. १९८८च्या जानेवारीत अमरावतीत खंडाच्या प्रती जाळल्या गेल्या, शिवसेना रस्त्यावर उतरली. शंकरराव चव्हाणांच्या सरकारने परिशिष्ट काढून टाकण्याची तयारी दाखवली. त्यावर ५ फेब्रुवारीला मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी तडजोड झाली : परिशिष्ट राहील, पण यातल्या मतांशी सरकार सहमत नाही अशी टीप सोबत छापली जाईल.

या टिपेने वाचकाला काय सांगितले? पुढे कोणत्या ग्रंथांचे आधार आहेत, लेखकाची पद्धत कोणती, त्याने हे प्रश्न का उभे केले, यातले काहीही नाही. सरकारने अंग काढून घेतले, एवढेच तिने सांगितले. ज्याच्या मनाला लागले त्याची समजूत काढणे आणि ज्याने छापले त्याची सुटका करणे, ही दोन कामे तिने केली. ज्याला वाचायचे होते त्याच्या हाती पुस्तकाबरोबर एक संशय तेवढा ठेवला. धर्मविषयक मजकुरावर चिठ्ठी चिकटवण्याच्या प्रत्येक प्रस्तावाकडे मी या अनुभवातून पाहतो, आणि म्हणून माझा त्याला विरोध आहे.

पण पूर्वपक्ष पोकळ नाही. तो नीट मांडला पाहिजे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या एखाद्या महाविद्यालयाचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात येऊन पडलेल्या सिंधी कुटुंबांची नातवंडे-पतवंडे त्यात आहेत. त्यांच्या घरात झुलेलालही आहे आणि गुरू ग्रंथसाहिबही. वारीला जाणाऱ्या आगरी-कुणबी घरांतली मुले आहेत. बौद्ध मुली आहेत, उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची मुले आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. कोणी आनंदनगर एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळच्या तासाला येऊन बसतो. अशा वर्गात मनुस्मृतीचा आठवा अध्याय उघडला, की द्विजाला कठोर बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटण्याचा दंड समोर येतो. वाल्मीकी रामायणाचे उत्तरकांड उघडले, की तप करतो म्हणून मारला गेलेला शंबूक समोर येतो. शेजारच्या बाकावरच्याला हा इतिहास असेल. एखाद्या मुलीला ती तिच्या आजीची गोष्ट असते. तिला आधी दोन शब्द सांगायला नकोत का, असे चिठ्ठीचे समर्थक विचारतात.

सांगायलाच हवेत. किंबहुना या भागात तर ती जबाबदारी दुप्पट आहे. २० ऑगस्ट २०२४ रोजी शाळेतल्या चिमुकल्यांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या संतापाने बदलापूर स्थानकात हजारो माणसे रुळांवर उतरली आणि तासन्‌तास गाड्या अडल्या. त्या गावातल्या वर्गात सभापर्वातले द्यूत आणि द्रौपदीची विटंबना शिकवताना जो अध्यापक एका शब्दाची पूर्वकल्पना न देता थेट श्लोकांचा अर्थ सांगू लागतो, त्याला महाभारत कळले असेल. समोर बसलेली माणसे कळलेली नाहीत.

मग विरोध कशाला? कारण या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि त्या एक मानल्या की घोटाळा सुरू होतो. परदेशातलीच दोन उदाहरणे घेऊ. ग्लासगो विद्यापीठात बायबलच्या अभ्यासक्रमात येशूला क्रूसावर चढवल्याची दृश्ये दाखवली जाणार आहेत, असे विद्यार्थ्यांना आधी सांगितले जाते, ही बातमी २०१७ साली आली तेव्हा त्याची बरीच टिंगल झाली. मला त्यात टिंगलीचे काही दिसत नाही. खिळे ठोकलेला देह ज्यांना पाहवत नाही त्यांना कल्पना दिली, एवढेच झाले. २०२४ साली नॉटिंगहॅम विद्यापीठात चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’वर सूचना लागली. तिच्यात हिंसा आणि मानसिक आजार यांच्या ओळीत ख्रिस्ती श्रद्धेचा उच्चारही बसवला होता. कँटरबरीच्या यात्रेला निघालेल्या माणसांच्या गोष्टी, आणि त्यांत श्रद्धा आहे म्हणून सावध राहा! इथे रेषा ओलांडली गेली. ग्लासगोने क्रौर्याची कल्पना दिली होती. नॉटिंगहॅमने श्रद्धेलाच धोका ठरवले, आणि आपल्या सरकारने १९८८ साली मतभेदाला धोका ठरवले. विद्यापीठात या दोहोंना जागा नसेल तर मग तिथे शिकवायचे तरी काय?

चिठ्ठीची मागणी दुसऱ्याही बाजूने येते, आणि आपल्याकडे तीच जास्त जोरकस आहे. धर्मग्रंथ पवित्र आहे. त्याची चिकित्सा होणार असेल तर श्रद्धावान विद्यार्थ्याला आधी सांगा, नको असेल तर त्याला सूट द्या, नाहीतर तो पाठच वगळा, असे ही बाजू म्हणते. तिची चाल आपण पाहिली आहे. दिल्ली विद्यापीठाच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात ए. के. रामानुजन यांचा रामायणाच्या अनेक परंपरांवरचा निबंध होता. २००८ साली त्यावरून विभागात तोडफोड झाली. तज्ज्ञांची समिती नेमली गेली. चारपैकी तिघांना निबंध ठेवण्यात काही गैर दिसले नाही. तरी २०११ साली विद्वत्‌परिषदेने तो काढून टाकला. भावनेला एकदा तक्रारीचा हक्क दिला, की ती सूचनेवर समाधान मानत नाही. पुढची मागणी वगळण्याचीच येते. १९८८ साली महाराष्ट्रात उलट क्रम दिसला, वगळण्यावरून टिपेवर, तोही मुंबईत लाखो माणसे चालून आली म्हणून. प्रत्येक अभ्यासक्रमामागे असा मोर्चा उभा राहत नाही.

काही अध्यापक म्हणतात, तत्त्व राहू द्या, चिठ्ठीने निदान आम्हाला संरक्षण मिळेल. ही भीती खरी आहे आणि तिला हसणे क्रूरपणाचे होईल. पण कायदा काय म्हणतो ते पाहा. धार्मिक भावना दुखावण्याचे २९५अ हे कलम १९२७ साली भारतीय दंडसंहितेत आले. आज ते भारतीय न्यायसंहितेत कलम २९९ आहे. बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतू हा त्या गुन्ह्याचा गाभा, आणि त्यामुळेच १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. आता ज्या अध्यापकाने स्वतःच लिहून ठेवले की ‘या मजकुराने भावना दुखावतील’, त्याने तक्रारदाराच्या हाती काय दिले? दुखावणार हे याला माहीत होते, याचा कागद. ढाल म्हणून घेतलेली वस्तू वाराला उपयोगी पडते. अध्यापकाचे खरे संरक्षण म्हणजे त्याची विद्वत्ता, अभ्यासमंडळाने मंजूर केलेला पाठ आणि वेळ आली तर मागे उभी राहणारी संस्था. तिसरी गोष्ट दुर्मीळ आहे हे मला ठाऊक आहे. पण तिच्याऐवजी चिठ्ठी चालणार नाही.

आता मंडन. धर्मग्रंथ वर्गात कसा यावा याची आपल्याकडची वाट चांगली रुळलेली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पुरे झाले. वि. स. सुखटणकरांनी घालून दिलेली शिस्त अशी, की हस्तलिखितांचा पुरावा जे सांगेल ते संहितेत, बाकीचे तळटिपेत किंवा परिशिष्टात. सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने केले. द्रौपदीने कृष्णाचा धावा केला आणि त्याने वस्त्रे पुरवली, हा घराघरांतल्या कीर्तनांतून पोचलेला प्रसंग मूळ संहितेत टिकला नाही; तो तळाशी गेला. केवढा धक्का आहे हा श्रद्धेला! पण तो पुराव्यानिशी दिला आहे, आणि वगळलेले सगळे त्याच पानावर किंवा परिशिष्टात छापले आहे. भाविकाला त्याची पोथी परत मिळते आणि अभ्यासकाला त्याची संहिता. अंबरनाथचे शिवालयही असेच आहे. इ. स. १०६०चा शिलालेख असलेली ती वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि महाशिवरात्रीला तिथेच दर्शनाला रांग लागते. मोजपट्टी घेऊन आलेला आणि बेलपत्र घेऊन आलेला, दोघेही त्याच दाराने आत जातात.

मनुस्मृतीचे काय करायचे, याचेही उत्तर महाराष्ट्रात आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने. आणि जिच्या दहनाचे नेतृत्व बाबासाहेबांनी केले, तिच्यातल्या अध्याय-श्लोकांचा दाखला त्यांच्या इतका बारकाईने फार थोड्यांनी दिला असेल. त्यांनी तो ग्रंथ सावध करणाऱ्या टिपेमागे ठेवला नाही. तो वाचला, उलगडला आणि त्याचा निवाडा केला. म्हणून आठवा अध्याय शिकवायचा तर महाडचा ठराव त्याच आठवड्यात शिकवा. उत्तरकांडाबरोबर त्यावरच्या आक्षेपांना जागा द्या, दशावतारांबरोबर जोतिरावांची १८७३ची ‘गुलामगिरी’ ठेवा. ज्या मुलीला शंबूक वाचून तुटल्यासारखे होते तिला सूचनेने आधार मिळत नाही. आपल्या आधी कोणीतरी याच पानाला जाब विचारला आहे, हे कळल्याने मिळतो.

व्यवहारात थोडेच करावे लागते. सत्राच्या सुरुवातीला कोणत्या आठवड्यात कोणता अध्याय आणि त्यात काय घडते, हे साध्या मराठीत लिहून द्यावे, सगळ्या ग्रंथांना एकच न्याय लावून : कादंबरीतला बलात्कार, पुराणातला वध, बायबलमधला क्रूस. ‘पवित्र’, ‘आक्षेपार्ह’, ‘भावना दुखावणारे’ असे शब्द त्यात नकोत, कारण ते निवाडे आहेत आणि निवाडा विद्यार्थ्याने करायचा आहे. जातीचा अपमान करणारा श्लोक कोणाही विद्यार्थ्याला उभे करून मोठ्याने वाचायला लावू नये. अध्यापकाने स्वतः वाचावा. एखाद्या दिवशी कोणाला वर्गात बसवले नाही तर त्याने उठून जावे, कारण विचारू नये. पण पाठ कोणालाच माफ नसावा. दलित मुलीला मनुस्मृती आणि वारकरी घरातल्या मुलाला ‘रिडल्स’ वाचावीच लागेल. पदवी त्याचीच आहे.

आणि सगळ्यात कठीण जागा उत्तरपत्रिकेची. तिथे तपासणाऱ्याने शंबूकवधाचे समर्थन करणाऱ्याला आणि धिक्कार करणाऱ्याला एकाच फूटपट्टीने मोजले पाहिजे : आधार दिला का, प्रतिपक्ष समजून घेतला का, युक्तिवाद टिकतो का. श्रद्धा लिहिली म्हणून गुण कापले गेले किंवा निंदा लिहिली म्हणून कापले गेले, तर पुढच्या वर्षीची मुले तपासणाऱ्याचे मत ओळखून तेवढेच लिहितील. विद्यापीठांनी सूचनांचे नमुने तयार करण्यात वेळ घालवण्यापेक्षा अशा उत्तरांच्या फेरतपासणीची सोय करावी, तीही पुढच्या परीक्षेआधी.