आत्याची पेरणी आणि माझा पुरावा

गेल्या जूनमध्ये दोन दिवस सुट्टी टाकून चकलांब्याला गेलो होतो. (तालुका गेवराई, जिल्हा बीड. आत्याचं गाव.) पावसाचा पत्ता नव्हता, तरी आत्याने कोरड्यातच सरकी लावून टाकली होती आणि आता वारीला निघायची तयारी चालली होती. मी आपला पुण्याचा शहाणा. म्हटलं, "आत्या, विठोबा आहे याला पुरावा काय?"

ती पिशवी भरता भरता म्हणाली, "आन् पाऊस पडंल याला काय पुरावा हाय? तरी पेरलंच की!"

झालं! परतीच्या एसटीत हाच किडा डोक्यात.

आधी वाटलं, उत्तर सोपं आहे. पाऊस आत्याने साठ वर्षं बघितलाय. बीडमध्ये तो दगा देतो हेही बघितलंय; १९७२चा दुष्काळ तिच्या लहानपणीचा. म्हणजे तिची पेरणी आंधळी नाही, ते अनुमान आहे. चुकू शकेल, पण अनुभवावर उभं असलेलं. देवाचं तसं नाही. पाऊस आला तर त्याची कृपा, नाही आला तर त्याची मर्जी. जी टेस्ट कधी फेल होऊच शकत नाही, ती पास झाली म्हणून आम्ही प्रोग्रामर लोक पेढे वाटत नाही. त्यातून माहिती शून्य मिळते.

हा वाद जुना आहे. १८७७ मध्ये क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने एका जहाजमालकाची गोष्ट सांगितली. जहाज जुनं झालंय हे मालकाला ठाऊक असतं, पण देवावर भरवसा ठेवून तो मनातली शंका दाबतो आणि माणसं भरून जहाज सोडतो. जहाज बुडतं. क्लिफर्डचं म्हणणं असं की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो दोषीच. कारण तसा विश्वास ठेवायचा त्याला अधिकारच नव्हता. १८९६ मध्ये अमेरिकेच्या विल्यम जेम्सने उत्तर दिलं. पुराव्याने प्रश्न सुटत नाही, निर्णय टाळता येत नाही आणि विषय जिव्हाळ्याचा आहे, अशा वेळी मनाने कौल दिला तर त्यात गैर काही नाही.

मग बरोबर कोण? मला उत्तर सापडलं ते आत्याच्याच गल्लीत.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या आतेभावाला साप चावला. लोक म्हणाले, आधी देवस्थानाला न्या. आत्याने ऐकलं नाही. जीप बोलावून थेट बीडचा दवाखाना गाठला. विठोबाचा धावा तिने केला, पण तो जीपमध्ये बसून! भाऊ वाचला. पुढे दोनेक वर्षांनी शेजारच्या एका पोराला साप चावला. त्याला आधी विष उतरवायला नेलं. दवाखान्यात न्यायला उशीर झाला. पोरगं गेलं.

देव दोन्ही घरांत तोच. फरक एवढाच की आत्याने देवाला डॉक्टरच्या खुर्चीत बसवलं नाही.

गंमत म्हणजे आपला जादूटोणाविरोधी कायदाही हीच रेघ ओढतो. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. पण यात्रा, कीर्तन, भजन यांना तो हात लावत नाही. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि चारच दिवसांनी वटहुकूम निघाला. डॉ. श्रीराम लागू देवाला रिटायर करा म्हणायचे, आणि त्यांच्याच सोबत व्यासपीठावर बसून दाभोलकर सांगायचे की समितीचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे. तेव्हा मला हा कातडीबचाऊपणा वाटायचा. आता वाटत नाही.

तर माझं मत: पुराव्याशिवाय "देव आहे" हे विधान म्हणून मांडलं, तर ते तर्काला धरून नाही. इथे मी क्लिफर्डच्या बाजूचा. पण आत्या विधान करतच नाही. पेरून झाल्यावर, जे आपल्या हातात नाही त्याचं ओझं ती कुठेतरी ठेवते, इतकंच. त्याला मी अविवेक म्हणणार नाही. कसोटी एकच: विश्वास चुकला तर किंमत कोण मोजणार? स्वतः मोजणार असाल तर खुशाल ठेवा. शेजारचं पोरगं मोजणार असेल, तर पुरावा दाखवा.

क्लिफर्ड म्हणेल, बाबा रे, पुराव्याविना मानायची सवय घरापुरती राहत नाही, गल्लीभर पसरते. ते पोरगं आठवलं की याला माझ्याकडे उत्तर नसतं, हे कबूल करतो.

असो. पाऊस उशिरा का होईना, आला. आत्याने पंढरपुरातून फोन केला, "बघ, पडला का न्हाई?"

"हा पुरावा नव्हे, आत्या."

"मी कुठं म्हनले पुरावा हाय म्हून? तुला सांगावं वाटलं, सांगितलं."