पिळाचा हिशेब

सुरतेच्या उधना, पांडेसरा आणि कतारगाम या भागांत ज्यांचा नित्याचा वावर आहे, त्यांस हे वेगळे सांगावयास नको की या शहराच्या उपजीविकेचा मोठा हिस्सा पिळावर चालतो. तंतूला मीटरमागे किती वळ द्यावयाचे, ते उजवे द्यावयाचे की डावे, आणि दिलेला वळ वाफेने कितपत बसवावयाचा, यावर येथील क्रेप आणि जॉर्जेट यांचा पोत व भाव ठरतो, आणि खानदेशातून येऊन लिंबायत-उधन्याकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील कित्येक हात याच कामात कसबी झालेले आहेत. त्याच शहरात, त्याच गाळ्यांच्या वरच्या मजल्यावर, तयार कपड्याला इस्त्री करणाऱ्या माणसाच्या विजेच्या दोरीला जो पीळ पडतो त्याची मात्र कोणीच दखल घेत नाही. दोरी खराब झाली की बदलावयाची, हा एक शिरस्ताच होऊन बसला आहे. फिरत्या विद्युत्-जोडणीचा, म्हणजे ज्या जोडणीत दोरी यंत्राभोवती कितीही फेरे घेऊ शकते पण विजेचा प्रवाह खंडत नाही अशा सांध्याचा विचार या अंकी मांडावा असे आम्हांस वाटले, ते यामुळे.

प्रथम हा पीळ येतो कोठून ते पाहू. फिनिशिंगच्या खोलीत उभे राहून कारागिराच्या हाताकडे नव्हे, मनगटाकडे पाहावे. तो इस्त्री कापडावरून ओढत उजव्या अंगाला नेतो, मनगट बाहेर वळवून तिला टाचेवर उभी करतो, दोन्ही हातांनी कुर्ता उलटतो, आणि पुन्हा मूठ धरताना मनगट आल्या वाटेने माघारी न आणता त्याच दिशेने पुढे नेऊन इस्त्री समोर घेतो, कारण हाताला ती वाट जवळची पडते. माघारी आला असता तर बेरीज शून्य झाली असती. पुढे गेला म्हणून दोरीत एक पूर्ण वळ जमा झाला. असे कपड्यामागून कपडे होत जातात, आणि दुपारपर्यंत इस्त्रीच्या मुठीजवळ दोरीला आढी पडू लागते. डावखुऱ्या कारागिराच्या दोरीत पीळ उलट दिशेने साठतो. दोघांनी पाळीपाळीने एकच इस्त्री वापरली तर दोरी जास्त टिकावी, परंतु ही तजवीज कोणा मुकादमाने अमलात आणल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आढीचा परिणाम दिसतो तेवढा निरुपद्रवी नसतो. दोरीतील फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तीन तारा मुळातच एकमेकींभोवती वळवून बसविलेल्या असतात. बाहेरून आलेला पीळ त्याच दिशेचा असेल तर त्या आवळल्या जातात, उलट दिशेचा असेल तर सुटून एकीकडे फुगतात, आणि दोन्ही प्रकारांत तांब्याचे केसासारखे तंतू एकेक करून तुटू लागतात. एक हजार वॅटची इस्त्री 230 व्होल्टवर सुमारे 4.35 अँपिअर घेते. तुटक्या तंतूंच्या जागी अवघा 0.1 ओहम रोध उत्पन्न झाला तरी त्या ठिकाणी जवळजवळ 1.9 वॅट उष्णता सतत निर्माण होत राहते, आणि ती ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत कोंडलेली असते. तेथील आवरण आधी कडक होते, मग भेगाळते, मग करपते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असे आपण म्हणतो. येथे पिळामुळेच सुंभ जळतो.

बाजारात जी मुठीपाशी फिरणारी दोरी मिळते, तिच्याबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पेटीवर ‘तीनशेसाठ अंश’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, पण या एका शब्दप्रयोगाखाली दोन अगदी भिन्न जिन्नस खपविले जातात. एकात दोरीच्या मुळाशी गोलाकार बोंड असते, ते सर्व दिशांना झुकते, त्यामुळे दोरी मुठीपाशी तीव्र कोनात मोडत नाही, हा गुण खरा आहे. परंतु आत तारा सरळ टर्मिनलला आवळलेल्या असल्याने ते बोंड फेरभर फिरून अडते किंवा फिरलेच तर तारांनाच पिळते. दुसऱ्यात आत कड्या व त्यांवर घासणाऱ्या स्प्रिंगदार पट्ट्या असतात, आणि तोच खरा फिरता सांधा. केस सरळ करण्याच्या उपकरणांत हा दुसरा प्रकार पुष्कळ आढळतो. दुकानदाराच्या शब्दावर न विसंबता खातरजमा करावयाची तर प्लग सॉकेटमध्ये न घालता इस्त्री एका हातात धरून दोरीचे मूळ एकाच दिशेने दहा वेळा फिरवावे. न अडता, न पीळ भरता फिरले तर सांधा खरा.

घासणारी कडी ही कल्पना नवी नाही. 1878 च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजसाठी जो दांडीचा प्लग प्रचारात आला, त्याच्या अंगावरील पट्टे एकाच अक्षाभोवती गोल असल्यामुळे तो छिद्रात कसाही फिरविला तरी जोड कायम राहतो. आजचा कानात घालावयाच्या ध्वनियंत्राचा छोटा प्लग त्याचाच वंशज. विजेचे मोठे प्रवाह हीच भूमिती स्लिप रिंगच्या रूपाने वाहून नेते: स्लिप रिंग मोटरीत, क्रेनच्या केबल गुंडाळणाऱ्या पिंपात, आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून सीटी स्कॅनच्या फिरत्या चौकटीतही, जेथे पूर्वी केबलचा पीळ उलगडण्यासाठी चौकट प्रत्येक फेऱ्यानंतर उलटी फिरवावी लागे. रिवाइंडिंग करणाऱ्या आमच्या वाचकांस कड्या आणि ब्रश यांची ओळख करून देणे म्हणजे माशाला पोहावयास शिकविणे होईल. फरक एवढाच की मोटरीतील कडी एका जागी, एका गतीने, झाकणाखाली फिरते. इस्त्रीतील कडी हातात धरून आपटली जाते, तापते, वाफ खाते आणि तासन् तास स्थिर राहून मग एकदम पाव फेरा सरकते.

आता ज्या प्रश्नाकडे आरेखन करणारे सहसा पाहत नाहीत तो घेऊ. फिरता सांधा बसविला म्हणजे तो फिरेलच, हे गृहीत धरणे चूक आहे. सांधा फिरतो तो दोरीने त्याला फिरविले तर. आणि दोरी त्याला तेव्हाच फिरविते, जेव्हा तिच्यात साठलेल्या पिळाचा जोर सांध्याच्या घर्षणापेक्षा अधिक होतो. पण दोरी तेवढा जोर साठेपर्यंत सरळ राहील याची हमी कोण देणार? ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने 1883 मध्ये पिळलेल्या दांडीच्या स्थैर्याचे जे गणित मांडले, त्यातून असा नियम निघतो की लांब दोरीचा वाकण्यास होणारा विरोध आणि तिच्यातील ताण यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या दुपटीहून पिळाचा जोर वाढला की ती आढी घालून मोकळी होते. अर्थात सांध्याचे घर्षण या मर्यादेच्या पुष्कळ खाली असले पाहिजे, नाहीतर सांधा जागच्या जागी राहील आणि आढी त्याच्या शेजारी पडेल. यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते, ती कारखानदारास फुकट मिळणारी आहे: ताण चौपट झाला तर दोरी दुप्पट पीळ सरळ राहून सोसते, आणि जमिनीवर लोळणाऱ्या दोरीत ताण जवळजवळ नसतोच. म्हणून मेजाच्या वर स्प्रिंगची कमान लावून दोरी लटकती ठेवणे आणि मुठीपाशी फिरता सांधा देणे ही दोन कामे एकमेकांवाचून लंगडी आहेत. हाताला मऊ वाटणारी दोरी ग्राहकास आवडते, पण मऊ दोरीच सांधा फिरविण्यास सर्वांत नालायक असते, हा या व्यवसायातील एक कटू विनोद आहे.

साठलेल्या पिळाचे काय होते, यासंबंधी आधुनिक गणिताने एक निर्विवाद निकाल दिला आहे. रुमानियन गणितज्ञ कालुगारेआनू याने 1961 च्या सुमारास दाखविले की दोन्ही टोके पक्की धरलेल्या दोरीत तंतूचा पीळ आणि दोरीची वेटोळी यांची बेरीज बदलत नाही. एक कमी झाला की दुसरी वाढते. क्रेपचा उच्च वळाचा धागा सैल सोडताच स्वतःभोवती गुंडाळतो, आणि इस्त्रीची दोरी सैल पडताच आढी घालते, त्यामागे हीच एक बेरीज आहे.

आणि म्हणूनच सुरतेच्या, धाग्याला पीळ देणाऱ्या टीएफओ (टू-फॉर-वन) यंत्राकडे आम्ही आमच्या विद्युत्-व्यावसायिक वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. या यंत्रात धाग्याची बोबीन चुंबकांच्या जोरावर स्थिर उभी असते. धागा तिच्यावरून वर येऊन पोकळ चातीत शिरतो, चातीच्या तळाशी बाजूने बाहेर पडतो, आणि बोबीनीभोवती फुगा करीत फिरून वरच्या कड्यातून गुंडाळीकडे जातो. चातीच्या एका फेऱ्यात एक वळ पोकळीत पडतो व दुसरा फुग्यात, म्हणजे एका फेऱ्याला दोन. यंत्राचे नावच त्यावरून पडले. आता कल्पना करा की बोबीन स्थिर न ठेवता तीही त्याच दिशेने चातीच्या दुप्पट वेगाने फिरविली. फुगा जे दोन वळ घालील, तेच दोन बोबीन उलगडून टाकील, आणि धागा बिनपिळाचा राहील. ही निव्वळ मानसिक कसरत नव्हे. 1971 मध्ये डेल अॅडम्स या अमेरिकन संशोधकास ज्या यंत्ररचनेचे पेटंट मिळाले, तीत नेमके हेच आहे: फिरणाऱ्या भागाकडे जाणारी केबल त्याच्या बाजूने वळसा घालून नेलेली असते, आणि तो वळसा त्या भागाच्या निम्म्या वेगाने फिरविला जातो, भाग अखंड फिरत राहिला तरी केबलला पीळ पडत नाही, आणि कडी, ब्रश, ठिणगी यांपैकी कशाचीच गरज लागत नाही. तळहातावर पाण्याचा पेला ठेवून तो न सांडता काखेखालून एकदा आणि डोक्यावरून एकदा असा फिरविला, की पेल्याचे दोन फेरे पूर्ण होतात आणि खांदा पूर्ववत होतो; ज्यास अॅडम्सची रचना कागदावर समजत नसेल त्याने हा प्रयोग करून पाहावा, पेला स्टीलचा घ्यावा. दोरीचा पीळ टाळण्याचा मार्ग दोरीला पीळ देणाऱ्या यंत्रातच दडलेला असावा, आणि ते यंत्र ज्या शहरात रांगेने उभे आहे तेथील विद्युत्-कारागिरास त्याची वार्ता नसावी, ही परिस्थिती पालटण्यासारखी आहे.

अर्थात इस्त्रीस ही रचना लागू करता येणार नाही, कारण मनगट ठराविक गुणोत्तराने फिरत नाही. परंतु दुकानातील फिरता पुतळा किंवा तपासणीचे फिरते मेज येथे तिचा विचार अवश्य व्हावा. ज्या ठिकाणी फेरे मोजकेच आहेत, तेथे तर याहूनही सोपा उपाय आहे: मोटारगाडीच्या सुकाणूत हवेच्या उशीकडे जाणारी तार घड्याळाच्या स्प्रिंगप्रमाणे सपाट पट्टीत गुंडाळलेली असते, सुकाणू फिरते तसतशी ती आवळते व सैलावते, आणि घासणारा संपर्क कोठेही येत नाही. घासणारी कडी हा शेवटचा उपाय समजावा, पहिला नव्हे.

तरीही इस्त्रीत ती घ्यावीच लागते, आणि घेतली तर तीन बाबींत हयगय चालणार नाही. कड्यांमधील पृष्ठभागाचे अंतर सुरतेच्या हवेस पुरेल एवढे हवे. येथे समुद्राची दमट हवा, इस्त्रीची वाफ आणि कापडाची तूस ही तिन्ही एकाच खोलीत नांदतात, आणि ओली तूस दोन कड्यांवर बसली की विजेला पूल मिळतो. कड्यांचा पृष्ठभाग उघड्या तांब्याचा नसावा. तांबे काळवंडते, आणि जो सांधा बराच वेळ स्थिर राहून क्वचित सरकतो त्यात तो थर घासून निघण्याची संधीही कमी मिळते, म्हणून चांदीच्या मिश्रधातूचा संपर्क महाग असला तरी तेथे काटकसर करू नये. तिसरी बाब अर्थची. फेज किंवा न्यूट्रलचा संपर्क सुटला तर इस्त्री थंड पडते आणि कारागीर तक्रार करतो. अर्थचा संपर्क सुटला तर काहीच घडत नाही, इस्त्री पूर्ववत तापत राहते, आणि ज्या दिवशी आतील आवरण फाटून धातूचे अंग जिवंत होते त्या दिवशी तो सुटलेला संपर्क प्रथमच आपले अस्तित्व कळवितो. सबब अर्थच्या कडीवर एक नव्हे, समोरासमोर दोन स्वतंत्र पट्ट्या असाव्यात.

दुरुस्तीच्या टेबलावर काय चालते तेही नमूद केले पाहिजे. फिरता सांधा बिघडला की पुष्कळ वायरमन तो काढून फेकतात, सरळ दोरी आत ओढून तिला गाठ मारतात, आणि अर्थची तार ‘लागत नाही’ म्हणून कापून टाकतात. नव्या इस्त्रीवरील आयएसआय चिन्ह ज्या मानकाच्या आधारे दिलेले असते, ते मानक या दुरुस्तीने त्याच क्षणी निरर्थक ठरते. आमचे मत स्पष्ट आहे: सांधा बदलता येत नसेल तर सरळ दोरी घालण्यास हरकत नाही, पण मग आढी पडणार हे मालकास सांगावे, वर कमान लावण्यास सांगावे, आणि अर्थ तिसऱ्या पिनेपर्यंत अखंड न्यावी.

जे कारखानदार असा सांधा बनवू पाहतात त्यांच्यासाठी शेवटी चाचणीचा मुद्दा. आयएस 302 नुसार अर्थच्या मार्गातून 12 व्होल्टहून अधिक नसलेल्या उगमापासून 25 अँपिअर, किंवा निर्धारित प्रवाहाच्या दीडपट, यांपैकी जो मोठा असेल तो प्रवाह सोडून रोध मोजावयाचा असतो, आणि तो 0.1 ओहमच्या वर जाता कामा नये. ही मोजणी सांधा स्थिर ठेवून करणे म्हणजे पोहणाऱ्याची परीक्षा काठावर घेणे होय. आमची सूचना अशी की प्रवाह चालू असताना सांधा हाताने सावकाश फिरवीत राहावे, मापकाच्या काट्यावर नजर ठेवावी, आणि एका जरी कोनात काटा झेपावला तरी तो नग बाद करावा. नंतर त्याच सांध्यावर कापडाची तूस भुरभुरून, वाफेत ठेवून, हीच चाचणी पुन्हा घ्यावी. मापक काट्याचाच असावा, कारण आकडे दाखविणारा साधा मापक क्षणभराची झेप गिळून टाकतो.