ठळक अक्षरातला आजार
शेजारच्या काकांनी या आठवड्यात सणाच्या सवलतीत ‘फुल बॉडी चेकअप’ करून घेतला, तेव्हापासून सोसायटीच्या बाकावर विषय एकच: रिपोर्टात दोन आकडे ठळक छापून आलेत. काका ठणठणीत, रोज टेकडी चढतात, वरणभातावर सढळ हाताने तूप घेतात. घेत होते म्हणायचं, कारण काकूंनी ते बंद केलंय. आता गणित बघा. बहुतेक चाचण्यांची ‘नॉर्मल रेंज’ निरोगी माणसांमधल्या मधल्या 95 टक्क्यांवरून ठरते. उरलेले 5 टक्के धडधाकट असूनही रेषेबाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा 20 चाचण्या केल्या, तर निरोगी माणसाचाही निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता 64 टक्के. पॅकेजात तर 60-70 चाचण्या! (साखर, कोलेस्टेरॉल यांच्या मर्यादा पुढच्या धोक्यावरून ठरतात, तिथे काणाडोळा नको.) माझं मत सरळ आहे: तक्रार नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, तर निव्वळ सवलतीपायी सुई टोचून घेऊ नये. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर मात्र न चुकता बघावी. काका सध्या दुसऱ्या लॅबचं पॅकेज शोधतायत. तिथे म्हणे एकावर एक फुकट, म्हणजे आता काकूंचीही पाळी.