मराठी येतं का?

परवा रविवारी भाचीबरोबर मार्केट यार्डात गेलो होतो. बाहेरगावचे लोक मराठी कसे शिकतात, हा तिचा एम.ए.चा विषय. तिच्या हातात छापील प्रश्नावली, माझ्या हातात भाजीची पिशवी!

बटाट्याची पोती वाहणाऱ्या एका बिहारी हमालाला तिने विचारलं, "भैया, मराठी आती है?" "नहीं जी." तिने 'नाही'वर खूण केली. तेवढ्यात गाळ्यावरून हाक आली, "अरे, ती दोन पोती काट्यावर घे!" "घेतो शेठ," म्हणत स्वारी चालू पडली.

भाचीचं पेन हवेतच.

मग चहा झाला, गप्पा झाल्या. तो म्हणाला, "समझते सब हैं. पर हम मराठी में शुरू करें, तो लोग हिंदी में जवाब देते हैं." आणि गंमत म्हणजे, आम्हीही हिंदीतूनच विचारलं होतं की!

२०११च्या जनगणनेने मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारल्या. किती जणांना काय येतं, ते त्यातून कळतं. पण ती कुणाशी बोलून आली, कुणामुळे अडली, ते नाही. कॅनडात १९५९ साली गार्डनर आणि लॅम्बर्ट यांनी माँट्रियलच्या ७५ इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या आणि फ्रेंच येण्यात शिकण्याच्या ओढीचाही वाटा असतो, हे आकड्यांनी दाखवलं. त्याच देशात स्थलांतरित बायकांच्या रोजनिश्या वाचून आणि मुलाखती घेऊन बॉनी नॉर्टन यांनी १९९५ साली उलटा प्रश्न टाकला: ओढ आहे हो, पण बोलायची संधी कोण देतं?

मला वाटतं, दोन्ही हवं. नुसत्या आकड्यांत आमचा हमाल 'मराठी न येणारा' ठरला असता. आणि नुसत्या त्याच्या गोष्टीवरून सगळ्या यार्डाबद्दल बोलणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. इथे तर प्रत्येक शीत वेगळं. आधी मोजा, मग बसून ऐका, ऐकलेल्यातून प्रश्न सुधारा आणि पुन्हा मोजा. यालाच म्हणे मिश्र पद्धतीचं संशोधन म्हणतात.

भाचीने आता प्रश्न बदललाय: "तुमच्याशी मराठीत कोण कोण बोलतं?" आणि तो ती मराठीतच विचारते.

'ते मराठी शिकत नाहीत' अशी तक्रार मीही पुष्कळदा केली आहे. येताना रिक्षावाल्याने हिंदीत विचारलं, "कहाँ जाना है?" सवयीने "स्वारगेट जाना है" ओठांवर आलं होतं. गिळलं, आणि मराठीत सांगितलं.

त्याला कळलं. न कळायला काय झालं?