‘आढळले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

समुद्रतळाच्या एकाच गाळाचे तीन भाग करून तीन प्रयोगशाळांना दिले, तर तीन वेगळी उत्तरे येऊ शकतात. पहिली सांगेल, यात फोरॅमिनिफेरांची कवचे भरपूर आहेत. दुसरी म्हणेल, कवच एकही नाही, पण डायटम आहेत. तिसरीला या दोन्हींपैकी काहीच दिसणार नाही, फक्त परागकण दिसतील. खोटे कोणीच बोललेले नसेल. फरक असेल तो नमुना तयार करण्याच्या पद्धतीत.

सूक्ष्म जीवाश्म म्हणजे खडकात किंवा गाळात अडकलेले, सूक्ष्मदर्शकाशिवाय नीट न ओळखता येणारे जुन्या जिवांचे अवशेष. ते पाहायचे तर भोवतीची माती आधी घालवावी लागते. मात्र ती घालवण्याचा प्रत्येक उपाय काही अवशेष वाचवतो आणि काही कायमचे संपवतो.

फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जिवांची कवचे बहुधा चुन्याची असतात. त्यांच्यासाठी गाळ पाण्यात भिजवतात, ०.०६३ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीवर धुतात आणि वाळवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बारीक कुंचल्याने एकेक कवच वेचतात. घरी तांदूळ निवडण्याइतकेच हे चिकाटीचे काम. डायटम या शैवालाचे कवच असते सिलिकाचे, म्हणजे काचेच्या जातीचे. ते मोकळे करण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल घालून चुना काढून टाकतात. गाळ फसफसतो आणि त्या फेसात फोरॅमिनिफेरा विरघळून जातात. परागकण हवे असतील तर पुढची पायरी हायड्रोफ्लोरिक आम्लाची. हे आम्ल सिलिकाही विरघळवते, म्हणजे डायटमही गेले. परागकणांचे चिवट बाह्य आवरण तेवढे शिल्लक राहते. हे आम्ल कातडीवर सांडले तर आत झिरपून शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते आणि हृदय बंद पडू शकते. त्यामुळे ते काम विशेष काळजीने करावे लागते.

पद्धत किती निर्णायक असते याचा उत्तम दाखला आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे. वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथे डायनासोरांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. त्यांच्याविषयी मॅटली यांनी १९३९ मध्येच लिहिले होते. पण त्या गोळ्यांतून वनस्पतींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण, म्हणजे फायटोलिथ, मोकळे करून वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. फायटोलिथच्या आकारावरून वनस्पतीचा गट ओळखता येतो. त्यांना गवताचे किमान पाच प्रकार सापडले. साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या त्या काळात भारतीय भूमीवर वेगवेगळी गवते होती आणि डायनासोरांच्या पोटात ती जात होती. गवतांचा विस्तार डायनासोरांनंतरचा, अशी तोवर समजूत होती. त्या गोळ्यांवर कोणी परागकणांची पद्धत वापरून हायड्रोफ्लोरिक आम्ल ओतले असते, तर हा पुरावा त्याच भांड्यात विरघळला असता. वर ‘गवताचे फायटोलिथ आढळले नाहीत’ अशी नोंदही प्रामाणिकपणे झाली असती.

म्हणून या क्षेत्रातले जाणकार काही पथ्ये पाळतात. सगळा नमुना एकदम वापरत नाहीत, थोडा न हाताळलेला राखून ठेवतात. कोणते आम्ल, किती वेळ, कोणती चाळणी, हे निष्कर्षासोबत लिहितात. परागकण मोजणारे तर सुरुवातीलाच नमुन्यात लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची गोळी टाकतात. तिच्यात बीजाणू किती, हे ठाऊक असते. शेवटी हे बीजाणू नीट दिसले आणि परागकण मात्र दिसले नाहीत, तर नमुन्यात परागकण खरोखरच कमी होते असे म्हणता येते. बीजाणूही हरवले असतील, तर दोष तयारीत आहे.

आता रुग्णालयाकडे वळू. क्षयाच्या निदानासाठी आपण जी सीबीनॅट चाचणी करतो, तिच्या काडतुसात नेमकी हीच युक्ती आहे. त्यात एका निरुपद्रवी जिवाणूचे बीजाणू आधीच घातलेले असतात. क्षयाचा जंतू सापडला नाही आणि हे बीजाणूही ओळखले गेले नाहीत, तर यंत्र ‘निगेटिव्ह’ म्हणत नाही, चाचणी अवैध ठरवते. स्वतःच्या नकारावर शंका घेण्याची सोय तिच्यातच केलेली आहे.

आपल्या बाकीच्या अनेक तपासण्यांत ही सोय नाही. थुंकीची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून क्षयाचा जंतू दिसण्यासाठी एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. बेडक्याऐवजी नुसती लाळ दिली तर आजार असूनही काच कोरी दिसू शकते. मानेतल्या गाठीचा तुकडा काढला आणि सवयीने सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये टाकला, तर पेशींची रचना उत्तम पाहता येते, पण जंतू मरतात आणि कल्चर अशक्य होते. संधिवाताच्या गाठीतले युरिक आम्लाचे स्फटिकही फॉर्मॅलिनमध्ये विरघळतात, म्हणून तो तुकडा अल्कोहोलमध्ये पाठवावा लागतो. पिसदुऱ्याच्या गोळ्यांसारखीच ही गोष्ट. इथे मात्र पुरावा हरवला तर माणसाला पुन्हा सुरीखाली जावे लागते. तालुक्याहून आलेल्या मजुरासाठी त्याचा अर्थ आणखी एक खेप, आणखी बुडालेली मजुरी आणि उपचाराविना गेलेले आठवडे.

म्हणून तपासण्यांचा पाऊस पाडा, असे मला म्हणायचे नाही. नीट घेतलेल्या नमुन्यावर योग्य पद्धतीने मिळालेला नकार फार मोलाचा असतो. त्याने अनावश्यक औषधे टळतात. माझा आग्रह तीनच गोष्टींचा आहे. पहिली, डॉक्टरने तपासणीच्या कागदावर कशाची शंका आहे ते लिहावे, कारण नमुना कशात ठेवायचा हे त्यावरून ठरते. दुसरी, क्षयाची शंका असेल तर तुकड्याचा एक भाग फॉर्मॅलिनबाहेर, निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा पाठवावा. तिसरी, ‘आढळले नाही’ या शब्दांशेजारी पद्धत आणि नमुन्याचा दर्जा अहवालात छापावा. यातल्या एकाही गोष्टीला महागडे यंत्र लागत नाही. लागते ती शिस्त आणि ती सांभाळणारे प्रशिक्षित तंत्रज्ञ. शासनाने इमारतींआधी त्यांच्या रिक्त जागा भराव्यात.

रुग्णांनी आणि नातेवाइकांनीही ‘रिपोर्ट नॉर्मल आहे ना?’ एवढ्यावर थांबू नये. नमुना कशाचा होता, त्यात काय शोधले आणि या पद्धतीत ते सापडण्याजोगे होते का, हे विचारावे. ताप हटत नसेल, वजन उतरत असेल, तर कोऱ्या अहवालाने निश्चिंत होऊ नये. डॉक्टरांनीही होऊ नये.