नोटीस आलेल्या घराची बेल वाजवताना

मोबाईलवर अमेरिकेतल्या ‘होलसेलिंग’चे व्हिडिओ पाहून जागेच्या दलालीत उतरायचं तुमच्याही मनात आलंय का? तिकडची युक्ती सोपी वाटते. हप्ते थकलेल्या घरमालकाशी स्वस्तात करार करायचा, तो करारच दुसऱ्याला विकायचा आणि मधला फरक आपला. आपल्याकडे मात्र आधी २००२ सालचा सरफेसी कायदा समजून घ्या.

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं. मग बँक ६० दिवसांची मागणी नोटीस पाठवते. ती हातात पडल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला घर विकता येत नाही. तुम्ही विसार देऊन साठेखत उरकलंत तरी उपयोग काय?

पुढची ताबा नोटीस वर्तमानपत्रात छापून येते. नवे दलाल तिथूनच पत्ता काढतात, म्हणजे तुमच्याआधी दोघं-तिघं येऊन गेलेले असणार. शेजाऱ्यांकडे चौकशी करू नका. त्या घराला आधीच मान खाली घालावी लागली आहे. ‘बँकेकडून आलोय’ असं तर भासवूच नका. सरळ सांगा, ‘काका, मी दलाल आहे. सौदा झाला तर मला कमिशन मिळेल.’

मग नोटीस बघायला मागा आणि तारखा वाचा. घाबरून ते पाकीट कोणी नीट वाचलेलंच नसतं, असंही होतं. मागणी नोटिशीचे ६० दिवस चालू असतील तर लेखी हरकत घेता येते, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली असेल तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पण २०१६च्या दुरुस्तीनंतर, लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क संपतो.

समजा, घर ४० लाखांचं आहे आणि बँकेचं देणं २२ लाख. बँकेच्या संमतीने बाजारभावाने विकलं तर १८ लाख त्या कुटुंबाच्या हातात राहतात. तुम्ही २५ लाखांना बांधून घेतलंत तर त्यातले १५ तुमचे, आणि ती माणसं भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट जमवत फिरणार. मला तरी हा धंदा वाटत नाही.

कधी नोकरीला लागलेली लेक पैसे उभे करते आणि घर वाचतं. तुमची फेरी फुकट. चहा पुढे केला तर घ्या आणि निघा.